सशाच्या रक्तात दूध

परभणीचा एप्रिल माणसांना सोसत नाही, तिथे सशांचं काय! म्हणून रक्त काढायचं काम आम्ही पहाटेच उरकलं. प्रोजेक्ट एम. फार्म.च्या मुलीचा, मी गाइड. कानाच्या शिरेतून घेतलेलं रक्त गोठलं, सेंट्रिफ्यूज थांबलं आणि प्राणिगृहाचे मामा ओरडले, "मॅडम, ह्या सशांच्या रक्तात दूध व्हायलंय की!"

साध्या खुराकावरच्या सशांचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी, नितळ होतं. कोलेस्टेरॉल घातलेला खुराक खाणाऱ्यांचं पांढरंफटक. तेवढंच कोलेस्टेरॉल, पण सोबत बीटा-सिटोस्टेरॉल, म्हणजे वनस्पतींतलं कोलेस्टेरॉलसारखंच एक स्टेरॉल, खाणाऱ्यांचं जेमतेम गढूळ. पीटरसन यांनी 1951 मध्ये सोयाबीनच्या स्टेरॉलचा हाच गुण कोंबडीच्या पिलांत दाखवला होता. पांढऱ्या नळ्यांचं रीडिंग कोलेस्टेरॉल मोजायच्या किटच्या मर्यादेबाहेर गेलं. सीरम सलाइनने पातळ करून पुन्हा लावावं लागलं.

मुलीला खरं तर उंदीर हवे होते, स्वस्त पडतात म्हणून. मी अडून बसले. उंदीर जास्तीचं कोलेस्टेरॉल भराभर पित्ताम्लांत बदलतो. त्याचं वाढवायचं तर खाद्यात कोलिक अ‍ॅसिड हे पित्ताम्लही घालावं लागतं. मग औषधाचा परिणाम कुठला आणि अ‍ॅसिडचा कुठला, निस्तरत बसा.

"पण हे स्टेरॉल करतंय काय?" मामांनी विचारलं. आतड्यात कोलेस्टेरॉलला पित्ताच्या सूक्ष्म कणांत बसूनच आत जाता येतं. वनस्पतीचं स्टेरॉल आधीच ती जागा धरतं, एसटीत रुमाल टाकावा तशी. स्वतः मात्र रक्तात फारसं उतरत नाही. आतड्याच्या पेशी त्याला परत बाहेर ढकलतात.

"आमच्या करडईच्या तेलात हाय का?"

आहे, शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आठ-दहा टक्के उतरवायला मात्र रोज 2 ग्रॅम लागतं. मामांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे पावशेराच्या वर तेल रोज? मंग भजीच तळावी लागतील."

अडवलेलं कोलेस्टेरॉल विष्ठेतून जातं, तेव्हा लेंड्याही तपासू, असं मुलीच्या डोक्यात आलं. कल्पना चांगली, पण ससा रात्रीच्या मऊ लेंड्या स्वतःच खातो, तेही थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन. पिंजऱ्याखाली जाळी लावून उपयोग नाही. गळ्यात कॉलर अडकवायची, तर प्राणी-आचारसमितीकडे नवा अर्ज करावा लागणार. तो आता ती लिहितेय.