तुम्ही विचारलंत म्हणून: डेनाची पिशवी

विज्ञानकथेच्या कार्यशाळेत हा प्रश्न ठरलेला. "ताई, माझी नायिका अवकाशयानावर आहे. लहानपणी तिने वर्णद्वेष सोसलाय. वाचकाला ते कळणार कसं? फ्लॅशबॅक टाकू?"

टाका की. पण आधी अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘किंड्रेड’ या कादंबरीतली (१९७९) पिशवी बघून या.

डेना ही १९७६ सालच्या लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीय लेखिका. नव्या घरात पुस्तकं लावता लावता घेरी येते आणि ती थेट एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये, गुलामीच्या काळात जाऊन पडते. बुडणाऱ्या एका गोऱ्या पोराला वाचवते, तर त्याचा बाप तिच्यावरच बंदूक रोखतो. (हा पोरगा तिचाच पूर्वज!) परत येते, पुन्हा खेचली जाते. दुसऱ्या खेपेनंतर तिच्या अंगाला दोरीने एक पिशवी बांधलेली असते. आत कपडे, साबण, चाकू. स्वतःच्या घरात, स्वतःच्या शतकात, आणि अंगाला पिशवी! एकदा ती बांधली की वेगळा फ्लॅशबॅक कशाला हवा?

तिसऱ्या खेपेला तिला धरून ठेवलेला गोरा नवरा केव्हिनही सोबत ओढला जातो. त्याच्या मनात येतं, पश्चिमेकडे जाऊन देश उभा राहताना बघावा, काय काळ असेल! डेना सुनावते, तिकडेही हेच चाललंय, फक्त काळ्यांच्या जागी तिथले मूळ रहिवासी. दोघं एकाच घरात राहतात, पण त्याला सहल सुचते आणि तिला माणसं दिसतात. पुढे केव्हिन पाच वर्षं तिथेच अडकतो. परतल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून शेगडी पेटवतो, ज्योतीकडे बघत राहतो, विझवतो. आपलंच घर त्याला परकं झालंय. भूतकाळ त्यालाही सोडत नाही, पण डेनाचा हात घेतो. शब्दशः, डावा हात.

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या टीव्ही मालिकेतला कृष्णवर्णीय कॅप्टन सिस्को तर चोविसाव्या शतकातला. तरी १९६२च्या लास व्हेगासची नक्कल असलेल्या क्लबात जायला तो आधी साफ नकार देतो. त्या काळात आपल्या लोकांना तिथे कुणी उभं केलं नसतं, हे तो विसरलेला नाही.

म्हणूनच निळ्या कातडीचे परग्रहवासी घेऊन वर्णद्वेष सांगणाऱ्या कथा मला फारशा पटत नाहीत. निळ्या माणसाला आजी नसते.

गेल्या खेपेला एका मुलीने दोन पानांचा रडका फ्लॅशबॅक आणला होता. मी विचारलं, ही बाई दुकानातून बाहेर पडताना काय करते? तिने बराच वेळ विचार केला. पुढच्या रविवारी नवा खर्डा आला. त्यात नायिका यानाच्या भांडारातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती खिशात ठेवते. साबणाचीसुद्धा. यानावर पावती कुणीच मागत नाही.

फ्लॅशबॅक आता अर्ध्या पानावर आलाय. तोही जाईल.