बाळाची धार

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या दोन्ही मूत्रपिंडांना सूज दिसली. "बऱ्याच बाळांना असते, उतरते," एवढंच तिथे सांगितलं. बऱ्याच बाळांची उतरतेही. पण जन्मल्यावर पुन्हा सोनोग्राफी करायची असते, हे कुणी बोललं नाही. त्याचा राग अजून जात नाही. एका बाजूला सूज असली तर बहुधा दोन-तीन दिवस थांबून तपासतात, कारण पहिल्या दिवसांत लघवी कमी असल्यानं सूज लपू शकते. मुलगा असून दोन्हीकडे सूज असेल, तर मात्र थांबायचं नसतं.

पेडण्याला घरी आलो. आठव्या दिवशी न्हाऊ घालताना सासूबाई म्हणाल्या, "याची धार लागत नाही गो, नुसतं थेंब थेंब गळतं." लंगोट ओला होतोय म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले होते. त्यांनी माझी बोटं त्याच्या बेंबीखाली ठेवली. लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं.

त्याच दुपारी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. बारीक नळी घातल्याबरोबर पिशवीत लघवी येऊ लागली, येतच राहिली. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 2.1 होतं, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: मूत्राशयाच्या खाली, याच्या मूत्रमार्गात पातळ पडदे आहेत, ते वाट अडवतात. हे फक्त मुलग्यांत होतं आणि गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच घडतं. शेजारणीनं माझ्या ग्रहणातल्या भाजी चिरण्यावर बोट ठेवलं होतं. त्या चित्रानं माझ्या मनावरचा तो दगड उतरला.

मग एमसीयू नावाची तपासणी. नळीतून औषध भरून तो लघवी करत असताना एक्स-रे काढतात. फुगलेलं मूत्राशय आणि खालचा ताणलेला मार्ग, अगदी कुलपाच्या भोकासारखे दिसले. क्रिएटिनिन उतरल्यावर दुर्बिणीतून पडदे जाळले. पोटावर एकही टाका नाही.

आता रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस. ताप आला की औषध बदलण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे तिच्यातल्या जंतूंची तपासणी. त्यासाठी बाळाची लघवी मिळवायची युक्ती नर्सताईंनी शिकवली: थंड पाण्यात भिजवलेली गॉज ओटीपोटावर हळूहळू गोल फिरवायची, दुसऱ्या हातात निर्जंतुक बाटली तयार ठेवायची.

तो अकरा महिन्यांचा झाला. डावी सूज उतरली, उजवी अजून आहे. मूत्राशयावर मोठा होईपर्यंत लक्ष ठेवावं लागणार. पुढची सोनोग्राफी चवथीनंतर. सासूबाई आजही न्हाणीत आधी धार बघतात, मग तेल लावतात.