पच्ती

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका दुपारी वरच्या मजल्यावर बार उडाल्यासारखा आवाज झाला. आई ओसरीवर वाती वळत बसली होती, ती "गॅस!" म्हणून किंचाळली. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचलो, तर आमची रशियन भाडेकरीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून छताकडे बघत होती. छतावर, भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर काहीतरी तपकिरी, चिकट. शेगडीवर पातेलं, पातेल्यात पाण्याचा थेंब नाही आणि मधोमध फाटलेला पत्र्याचा डबा. कंडेन्स्ड मिल्कचा.

"पाणी बघायला विसरले," ती म्हणाली. मी माफीची वाट बघत होतो, पण तिला हसू फुटलं. "आमच्या घरीसुद्धा छतावर असाच एक डाग आहे. आजीने केलेला."

तर प्रकार असा. या आटवलेल्या दुधाला त्यांच्याकडे स्गुश्योन्का म्हणतात. निळ्या-पांढऱ्या कागदाचा डबा, सोव्हिएत काळापासून चालत आलेला. डबा न फोडता, तसाच्या तसा पाण्यात दोन-तीन तास उकळायचा. आतलं दूध घट्ट आणि खरपूस होतं, बासुंदीचा तळाला लागलेला भाग ओरबाडून खावा तसं. पाणी मात्र सतत डब्याच्या वर हवं. आटलं की छत रंगतं. रशियात जन्मलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि तरी प्रत्येकजण कधी ना कधी विसरतो.

"पण असले डबे आपल्या नाक्यावरच्या दुकानात मिळतात," मी म्हटलं. "हा तिथलाच ना?"

"हो. पण हा पच्ती."

पच्ती म्हणजे जवळजवळ. जवळजवळ तसाच. तेव्हापासून हा शब्द आमच्या घरात राहायला आला. मराठी कानाला तो 'पचतं'च्या जवळचा वाटतो, आणि गंमत अशी की जे पचत नाही त्यालाच ती पच्ती म्हणते.

आमचा गाव पेडणे तालुक्यात. मोरजी, हरमल इथून हाकेच्या अंतरावर, जिथे दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत असतात आणि शॅकच्या मेनूकार्डावर बोर्श सूप असतं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर ही माणसं आमच्या दारातच उतरतात म्हणायला हरकत नाही. ही बाई व्होल्गाकाठच्या एका शहरातली. ऑक्टोबरात येते, लॅपटॉपवर काम करते, एप्रिल संपताना जाते. आई तिला 'बाय' म्हणते. ती आईला आईच म्हणते.

परदेशात राहणाऱ्या रशियन माणसाला काय आठवत असेल, असं कुणी मला विचारलं असतं तर मी बर्फ म्हटलं असतं. फार तर बॅले. चार हंगाम हिच्यासोबत काढल्यावर कळलं की बर्फाची आठवण तिला वर्षातून एकदा येते, तीही ३१ डिसेंबरला. रोज आठवते ती ग्रेच्का.

ग्रेच्का म्हणजे कुट्टू, उत्तरेकडे नवरात्राच्या उपासाला ज्याचं पीठ खातात ते. नावाला धान्य; गवताच्या कुळातलं नाहीच, आपल्या आंबट चुक्याचा चुलतभाऊ. आपल्याकडे ऑनलाइन मागवलं की फिकट, हिरवट दाणे येतात. तिच्या देशात ते भाजून विकतात, तपकिरी. एक वाटी दाणे, दोन वाट्या पाणी, झाकण घालून मंद आच, वर लोण्याचा गोळा. रशियन लेकराचा मऊभात हा. २०२० च्या मार्चमध्ये सगळं जग टॉयलेट पेपरच्या मागे धावत होतं, तेव्हा रशियन माणसांनी दुकानांतून ग्रेच्का उचलून घरी साठवली होती. हिने पहिल्या वर्षी ते फिकट दाणे आणले, आमची लोखंडी कढई मागून नेली आणि स्वतः भाजले. आईने चव घेऊन "छान झालं गो" म्हटलं. बाय म्हणाली, "पच्ती." दुसऱ्या वर्षीपासून बॅगेत कपड्यांच्या आधी चार किलो ग्रेच्का येते.

पावाचंही तेच. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून ती कोंड्याची पोय घेते, मनापासून खाते. पण अर्धा तुकडा हातात धरून वास घेते आणि खाली ठेवते. तिला हवा असतो राय या गव्हासारख्या धान्याचा काळा पाव, बरोदिन्स्की. ओलसर, जड, किंचित आंबट, आणि वर अख्खे धणे. होय, धणे. आमच्या डब्यात किलोभर पडलेले असतात आणि पावावर घालायचं आम्हाला कधी सुचलं नाही. त्यांच्यात व्होडकाचा घोट घेतला की काही मंडळी या पावाचा तुकडा नुसता नाकाशी धरतात. वासावरच चकणा भागतो. पोयचा वास चांगला असतो, पण त्यावर घोट उतरत नाही म्हणे. मी करून बघितलं. खरं आहे.

आता शेपू. मी शेपूचा वैरी. लहानपणी शेपूची भाजी असली की मी जेवायलाच बसत नसे, आणि आमच्या घराण्यात त्यावरून दोन तट आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ही पहिल्यांदा आली तेव्हा शेपूच्या जुड्या बघून रस्त्यातच थांबली. उक्रोप! एक जुडी उचलून नाकाला लावली आणि भाजीवालीला काय वाटेल याची पर्वा न करता तशीच उभी राहिली. रशियन माणूस शेपूची भाजी करत नाही, आपण कोथिंबीर घालतो तशी तो शेपू सगळ्यावर घालतो. उकडलेल्या बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, माशावर शेपू. कोथिंबिरीवाचून पोहे खायला सांगितले तर आपलं जे होईल ते त्यांचं शेपूवाचून होतं.

त्या शेपूपायी तिने काकड्या घालायच्या ठरवल्या. आमच्याकडच्या तवशांना तिने हात लावला नाही, बोटाएवढ्या कोवळ्या काकड्याच शोधून आणल्या. तिच्या गावी उन्हाळ्यात शहराबाहेरच्या दाचावर, म्हणजे चिमुकल्या बागेतल्या लाकडी घरात, हा सोहळा असतो. तीन-तीन लिटरच्या काचेच्या बरण्या, तळाशी लसूण, शेपूच्या फुलोऱ्याच्या छत्र्या, हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळीची पानं, काळ्या मनुकांसारखी फळं येणाऱ्या करंटच्या झुडपाची पानं, चेरीची पानं, वर मिठाचं पाणी. व्हिनेगर नाही. ही पानं नुसती वासासाठी नसतात. त्यांच्यातल्या तुरटपणामुळे काकडी मऊ पडत नाही, दाताखाली कट्‌कन मोडते. आमच्या परसात करंटही नाही न् चेरीही नाही. आईने विचार केला आणि पेरूची पानं आणून दिली. तुरट ना? घे तुरट. हॉर्सरॅडिशच्या जागी शेवग्याच्या मुळीचा एक तुकडा; इंग्रज लोक इथे असताना तीच किसून वेळ भागवायचे, एवढं मला माहीत होतं. तिकडे पाच दिवस लागतात, आमच्या उकाड्यात तीनच दिवसांत पाणी गढुळलं, बुडबुडे आले. चौथ्या दिवशी तिने एक काकडी काढली, चावली. कट्‌. डोळे मिटले. आई आणि मी दोघेही निकालाची वाट बघत उभे.

"पच्ती," ती म्हणाली, आणि सबंध बरणी तीन दिवसांत एकटीने संपवली.

मला वाटतं, मुळीच न मिळणारी गोष्ट माणूस विसरू शकतो. त्रास देते ती जवळजवळ मिळणारी. माझा भाऊ मस्कतला असतो. तिथे तांदळाच्या पन्नास जाती मिळतात, उकडाही मिळतो. तो दर सुट्टीत दहा किलो उकडा तांदूळ घेऊन जातो. वहिनी म्हणते, तिथला आणि इथला एकच. भाऊ काही बोलत नाही, पेजेचा वाडगा तोंडाला लावतो.

खाण्यापलीकडच्या गोष्टी सांगायला तिला वेळ लागला, कारण त्यांना नाव घेऊन आठवायची सवय कुणालाच नसते. डिसेंबरात पहाटे आमच्याकडे वीस अंश झाले की आई कानटोपी घालते आणि ही बिनबाह्यांच्या झग्यात गच्चीवर कॉफी पिते. मी म्हटलं, तुम्हाला काय थंडीचं! तर चिडली. म्हणाली, आयुष्यात सगळ्यात जास्त थंडी मला दिल्लीला जानेवारीत वाजली, तीही घरात. तिच्या गावात बाहेर उणे वीस असतं आणि घरात माणसं बनियनवर असतात. शहराच्या मोठ्या केंद्रातून गरम पाणी नळांनी घरोघर येतं, खिडकीखाली लोखंडी बातारेया तापलेली असते. दिवसाचं सरासरी तापमान पाच दिवस आठ अंशांच्या खाली राहिलं की ही उष्णता सोडतात. मग वसंतापर्यंत बंद नाही. जुन्या घरांत ती कमी करायची किल्लीही नसते. मग घर भट्टीसारखं तापलं की काय करायचं? फोर्तोच्का उघडायची. मोठ्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात बसवलेली छोटी झडप. पायाशी बातारेयाची धग, डोक्यावरून बर्फाळ झुळूक, मधे खिडकीच्या रुंद कठड्यावर बसून पुस्तक वाचणारी मुलगी. पूर्वी घरात फ्रीज नसे तेव्हा लोक जाळीच्या पिशवीत मटण भरून त्याच फोर्तोच्कातून बाहेर टांगायचे.

"इथे उकडलं की पंखा, नाहीतर एसी," ती म्हणाली. "गरम आणि गार एकाच वेळी, एकाच खोलीत, हे कुठेच मिळत नाही."

याला मात्र तिने पच्तीसुद्धा म्हटलं नाही.

उन्हाळ्यात त्याच नळांच्या दुरुस्तीसाठी दहा-चौदा दिवस गरम पाणी बंद ठेवतात, मग लोक पातेल्यात पाणी तापवून लोट्याने आंघोळ करतात. तेही आठवतं म्हणते. आमचा गीझर बिघडला होता त्या आठवड्यात ती फार खुशीत होती.

बाकी बारीकसारीक. दारात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता. इथे चपला काढतात याचा तिला आनंद, बदली काही देत नाहीत याचं दुःख. गुडघा फुटला की लावायची हिरवीगार झेल्योन्का, कांजिण्या आलेलं पोर तिच्या ठिपक्यांनी पोपटासारखं दिसायचं. हे सगळं तिच्या आईकडून पार्सलने येतं.

आणि चहा. चहाला ती चाय म्हणते, साखरेला साखर. खरोखर, रशियनमध्ये साखरेला 'साखर'च म्हणतात. आपली शर्करा कुठून कुठून फिरत तिकडे पोचली आणि जवळपास मराठी होऊन बसली. छोट्या किटलीत काळाकुट्ट अर्क, तो कपात थोडा, वर उकळतं पाणी, दूध नाही. तिला आठवतो 'हत्तीवाला चहा', सोव्हिएत काळातला, पुड्यावर हत्ती आणि 'भारतीय' असं लिहिलेलं. आत भारतीय पानांत जॉर्जियातलीही मिसळलेली असायची. आता भारतात राहून ही बाई भारतीय चहा शोधते आणि सापडत नाही, याला काय म्हणावं?

असा पहिला माणूस मात्र ही नव्हे. त्वेर या व्होल्गाकाठच्याच गावचा व्यापारी अफनासी निकीतीन १४७० च्या आसपास चौलला उतरला, विकायला एक घोडा घेऊन जुन्नरला गेला. तिथे चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने आपला पावसाळा लिहून ठेवलाय. वाटेत त्याला लुटलं होतं, त्यात धर्मपुस्तकं गेली, त्यामुळे ईस्टर कधी हे त्याला कळेना. अंदाजाने उपास धरायचा. म्हणजे सणही जवळजवळच. आपल्या देशासारखा देश नाही, तिथले सरदार अन्यायी असले तरी, असं त्याने लिहिलं, तेही रशियनमध्ये नव्हे, तुर्की-फारसीच्या मिसळीत. परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. रेवदंड्याला त्याचा स्मारकस्तंभ आहे. बायला मी फोटो दाखवला तर तिने आधी विचारलं, "जेवत काय होता?"

या एप्रिलमध्ये ती निघाली. मोपाची टॅक्सी दारात उभी, ड्रायव्हर घाई करतोय, आणि हिने सगळ्यांना बसायला लावलं. प्रवासाला निघण्याआधी घडीभर गप्प बसायचं, ही त्यांची रीत. आई बॅगेवर, मी पायरीवर, ड्रायव्हरही बोनेटला टेकला. मग ती उठली आणि म्हणाली, "जाते."

"येते म्हण गो," आई म्हणाली.

फळीवर अर्धा किलो ग्रेच्का राहिली. आषाढी एकादशीला आईने पिशवी हातात घेतली. उपासाला चालेल का, विचारलं. मी म्हटलं, कुट्टूच तर आहे, उत्तरेत उपासालाच खातात. शिवाय हे धान्य नाहीच, चुक्याच्या कुळातलं.

"चुका? मग पालेभाजी झाली. नाही चालत."

द्वादशीला तिने ती शिजवली. एक वाटी, दोन वाट्या पाणी, झाकण, वर लोण्याचा गोळा. मग माझ्याकडे न बघता, मूठभर शेपू बारीक चिरून त्यावर पसरला. मी काही बोललो नाही. ताट पुढे ओढलं.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

आम्ही दोघेही हसलो, पण शब्द कुणीच उच्चारला नाही.