दुसरा खंड बाहेर गेलाय, ताई!

गेल्या वर्षी 24 पुस्तकं वाचायची असं ठरवलं होतं. महिन्याला दोन. डोंबिवली ते सीएसएमटी रोजचं जाणं-येणं आहेच, त्यात सहज होतील असा हिशोब. मेअखेर दहा झालीसुद्धा.

जूनमध्ये घोडं अडलं. वाचनालयातून एका दोन खंडी कादंबरीचा पहिला खंड आणला होता. साडेपाचशे पानांचा नऊ दिवसांत फडशा पाडला आणि दुसरा आणायला गेले. देवघेवीच्या टेबलावरचे काका म्हणाले, "बाहेर गेलाय, ताई. आठवड्याने या."

आठवड्याने गेले. आला नव्हता. नंबर लावायचा तर ती वही दुसऱ्या काकांच्या कपाटात, आणि ते फक्त सोमवार-गुरुवार. गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून गेले तर दारावर पाटी: 'ग्रंथमोजणीमुळे देवघेव पंधरा दिवस बंद'.

त्यात माझाच एक शहाणा नियम, हातातलं पुरं झाल्याशिवाय नवीन घ्यायचं नाही. जुलै कोरडा गेला. वाचनाची नोंद ठेवायचं गुडरीड्स अ‍ॅप उघडलं की चार पुस्तकं मागे. तुम्ही असा नियम केला असेल तर आधी तो मोडा.

ऑगस्टच्या मध्यावर माझा आवाज जरा चढला. "निदान कोणाकडे आहे ते तरी बघा!" काकांनी रजिस्टर काढलं, बोट खाली-खाली नेलं आणि थांबले. पुस्तक मे महिन्यातच परत आलं होतं. मग कपाटं शोधली. वरचा कप्पा, खालचा कप्पा, चुकून प्रवासवर्णनांत गेलं असेल म्हणून तेही. शेवटी झाडू मारता मारता मावशी म्हणाल्या, "ते बायंडिंगचे गठ्ठे बघितले का?"

जिन्याखाली सुतळीने बांधलेले तीन गठ्ठे. मधल्यात, पाठ उसवलेला, माझा दुसरा खंड. अडीच महिने मी ज्या टेबलाशी हुज्जत घालत होते तिथून दहा पावलांवर! बाइंडर मेपासून फिरकलाच नव्हता. मी म्हटलं, तसाच द्या. तर म्हणे, "बांधणीच्या यादीत चढलाय, तसा देता येत नाही." शेवटी ग्रंथपाल मॅडमनी यादीतली ओळ कापली, तेव्हा कुठे मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडला. घरी मी त्याला रबरबँड लावून वाचला.

तो घरीच वाचला हेही सांगायला हवं. लेडीज डब्यात उभ्याने, एका हाताने कडी धरून असलं धूड पेलत नाही, मनगट धरतं. गाडीत बारीक पुस्तक, जाड उशाशी.

दिवाळी अंक मोजायचे का, यावर घरात वाद झाला. 1909 च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासून लोक दिवाळी अंक पुस्तकासारखे जपून ठेवतात, मग अर्धं तरी धरा, असं माझं म्हणणं. चार अंकांची दोन पुस्तकं धरली. चोविसावं 1 जानेवारीला रात्री दीडला संपलं. मी ते जुन्याच वर्षात घातलं.

हां, एक राहिलं. संदर्भ लागेल म्हणून पहिला खंड मी मुदत वाढवून वाढवून घरीच ठेवला होता. दोन्ही एकदम परत केले तेव्हा काकांनी नंबरांची वही माझ्यापुढे सरकवली. पहिल्या खंडासाठी चार नावं होती. सगळ्यात वरचं जूनमधलं.