फळीवरच्या गोल खुणा

मी आठवीत होतो. १९८६ च्या ऑक्टोबरात, दारूबंदी सप्ताहात, शाळेत चित्रकला स्पर्धा होती. जवळजवळ सगळ्यांनी कवटी आणि बाटलीला विळखा घातलेला नाग काढला. मीही तेच काढलं. चित्रकलेच्या सरांनी कागद चाळून बाजूला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घरून एक जाडजूड पुस्तक आणलं.

त्यात जॉर्ज क्रुकशँक या इंग्रज चित्रकाराची १८४७ सालची आठ चित्रांची मालिका होती, 'द बॉटल'. पहिल्या चित्रात भरलं घर, पेटलेली शेगडी, मुलं, मांजर. आणि नवरा बायकोला "घोटभर घे" म्हणून आग्रह करतोय. सर म्हणाले, "माणसं राहू देत. घरातून काय काय जातंय ते सांगा." आम्ही पुस्तकावर ओणवे झालो. दुसऱ्या चित्रात शेगडी विझलेली, मांजर रोडावलेलं. तिसऱ्यात जप्तीवाले सामान उचलताहेत. पाचव्यात धाकटं लेकरू गेलं. सातव्यात बायको. वर्गात कुणी बोलेना. क्रुकशँक स्वतःही पिणारा होता; ही मालिका काढली आणि त्यानं दारू सोडली, असं सरांनी सांगितलं.

त्याच पुस्तकात यान स्टेन या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं एक चित्र होतं. मोठी माणसं गातील तशी पोरं सूर धरतील, या अर्थाच्या डच म्हणीवर काढलेलं. सगळं घर खुशीत. बाईच्या पेल्यात वाइन ओतली जातेय आणि बाप हसत हसत पोराला पाइप ओढायला शिकवतोय. त्या बापाला स्टेननं स्वतःचा चेहरा दिलाय. त्याचे वडील बिअर गाळायचे, त्यानं स्वतः खानावळवजा गुत्ता चालवला. मला आजही हेच चित्र जास्त खरं वाटतं. आमचे अण्णा पिऊन मारझोड करत नसत. उलट लाड करायचे, खिशातली चिल्लर माझ्या हातावर ठेवायचे आणि बाटली देऊन मलाच गुत्त्यावर पाठवायचे. मी उड्या मारत जायचो.

त्या रात्री मी आमचं स्वयंपाकघर काढलं. धुरानं काळी पडलेली फळी, आणि मोडीत गेलेली भांडी जिथं असायची तिथल्या फिकट गोल खुणा. बाटली नाही, माणूसही नाही. सरांनी चित्र बराच वेळ हातात धरलं. "स्पर्धेला पाठवू?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिलं. पुढे कितीतरी दिवस तास संपल्यावर ते मला थांबवून घ्यायचे, रंगांच्या बाटल्या धुवायच्या निमित्तानं, आणि घरचं विचारायचे.

चित्र मी दप्तरात लपवलं होतं. आईला सापडलं. चुलीच्या उजेडात धरून तिनं ते पाहिलं, पदराला हात पुसले आणि एका खुणेवर बोट ठेवलं.

"हंडा हितं नव्हता रं. डाव्या अंगाला हुता."