त्या रविवारचं तिकीट

रविवार, ८ सप्टेंबर २०१९. सकाळी अकराच्या सुमारास मी आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या गणपतीच्या मांडवात खुर्च्या लावत होतो. आमच्या टीम लीडचा, म्हणजे सरांचा, फोन आला. "तिकीट बघितलंस का?" संध्याकाळी आमच्याकडे हौजी होती आणि तिकिटं विकायचं काम माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे मी पटकन म्हणालो, "किती हवीत सर?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "अरे, कामाचं तिकीट. ओक्लाहोमा. पेशंटला पैसे मिळाले नाहीत म्हणून तक्रार आहे."

आमचे सर खेळणाऱ्याला पेशंट म्हणतात. अमेरिकेतले कॅसिनोवाले इंग्रजीत 'पेट्रन' लिहितात, त्याचं त्यांनी केलेलं मराठीकरण.

हे काम घरून होत नाही. मशीन्स महाप्याच्या लॅबमध्ये कुलपात असतात. बाईक काढली. बुधवारच्या पावसाने गाड्या बंद पडल्या होत्या, त्याचा चिखल विटाव्याला रेल्वे पुलाखाली अजून तसाच होता. ऑफिसच्या दारात गार्ड मोबाईलवर बातम्या बघत बसलेला. शनिवारी पहाटे चांद्रयानाच्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला होता आणि तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. मी सही करून आत गेलो. दुपारी चहाला खाली आलो तेव्हा तो म्हणाला, "सापडला म्हणतात साहेब. पण बोलत नाहीये."

मी टेस्टर आहे. आम्ही ज्या मशीनचं सॉफ्टवेअर करतो ते बाहेरून अगदी स्लॉट मशीनसारखं दिसतं. पाच चक्रं गरगर फिरतात, दिवे लागतात, गाणी वाजतात. आत मात्र तो बिंगो असतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं एक कार्ड असतं: पाच ओळी, पाच रकाने, मधलं घर फुकट, उरलेल्या चोवीस घरांत १ ते ७५ मधले आकडे. आपल्या हौजीत नव्वद आकडे आणि तिकिटावर पंधरा, तिकडे पंचाहत्तर. बटण दाबलं की मशीन सर्व्हरला सांगतं की मी खेळायला तयार आहे. सर्व्हर निदान दोन खेळाडू जमवतो, मगच गोळे काढतो, कारण एकट्याने खेळला तर तो बिंगो राहत नाही. दुसरा खेळाडू शेजारच्या खुर्चीत असेल, नाहीतर शंभर मैलांवरच्या दुसऱ्या कॅसिनोत. ठरावीक आकृती ठरावीक गोळ्यांत भरली की छोटं बक्षीस, आणि खेळ संपवणारी आकृती आधी भरेल त्याचा खेळ. चक्रं शेवटी त्या बक्षिसाला साजेशा जागी येऊन थांबतात. म्हणजे चक्रं ही नुसती वरात. लग्न लागतं ते कोपऱ्यातल्या कार्डावर.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. त्याचं उत्तर कायद्यात आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅबेझॉन या मूळनिवासी (रेड इंडियन) जमातीच्या खटल्यात १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमातीच्या बाजूने निकाल दिला. राज्यात जो खेळ मुळातच चालतो, तो जमातीच्या जमिनीवर चालवण्यावर राज्य आपले नियम लादू शकत नाही, असा त्याचा अर्थ. पाठोपाठ १९८८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, जमातींच्या जमिनीवरच्या जुगारासाठी कायदा केला आणि खेळांचे तीन वर्ग पाडले. स्लॉट तिसऱ्या वर्गात, त्यासाठी राज्याशी करार हवा. बिंगो दुसऱ्या वर्गात, तिथे करार लागत नाही, आणि बिंगोला इलेक्ट्रॉनिक साधनांची मदत घेतलेली चालते. त्या एका वाक्यावर आमच्या मजल्यावरच्या चाळीस माणसांचं घर चालतं.

आईला हे सगळं नीट ठाऊक आहे. नातेवाइकांना मात्र ती "सॉफ्टवेअर" एवढंच सांगते. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ सालीच झाला होता, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला, असं मी तिला एकदा सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "बरं केलं."

तर तक्रार. ओक्लाहोमात शनिवारची रात्र, नऊ वाजून एकेचाळीस मिनिटं. आपल्याकडे रविवारचे सकाळचे आठ अकरा. एका बाईचं म्हणणं असं की कार्डावर आकृती पूर्ण झाली, मी बटण दाबलं, आणि मशीनने काहीच दिलं नाही. बक्षीस १,६४० डॉलरचं. तेव्हा १,२०० किंवा त्याहून जास्त लागले की मशीन आपोआप लॉक व्हायचं आणि कॅसिनोचा माणूस येऊन कराचा फॉर्म भरून घ्यायचा. हे मशीन लॉक झालं नव्हतं. मशीनच्या मते काही घडलंच नव्हतं.

आमच्या त्या गेममध्ये दोनदा बटण दाबावं लागायचं. पहिल्यांदा खेळात उतरायला, दुसऱ्यांदा कार्डावरचे आकडे खोडायला. खोडायला आठ सेकंद. नाही दाबलं तर तुम्ही झोपलात, इंग्रजीतही शब्द तोच, स्लीप. बक्षीस गेलं आणि सर्व्हर पुढचा गोळा काढतो. हौजीतही हेच असतं. पुढचा नंबर पुकारायच्या आत ओरडला नाहीत तर फुल हाऊस असो की जल्दी फाईव्ह, तिकीट हातात धरून बसा.

सर्व्हरचा लॉग, म्हणजे काय कधी घडलं याची नोंद, स्वच्छ होता. निकाल मशीनकडे पाठवला ६.२ सेकंदांनी. मुदत संपली १४.२ ला. बटणाचा निरोप पोचला १६.९ ला. बाई झोपल्या. सर फोनवर म्हणाले, "झालं मग. दोन ओळी लिही आणि घरी जा, हौजी आहे ना तुझी."

मी लिहायलाही बसलो होतो. पण तक्रारीसोबत तिने काढलेला फोटो जोडलेला होता. सहा वर्षं ही मशीन्स तपासत होतो, खेळणारं माणूस असं कधी बघितलं नव्हतं. या फोटोतही माणूस नव्हतंच. उजवा हात होता, बटणावर. अंगठ्याला चिकटपट्टी. बटणाशेजारी काठावर एक हिरवा प्लास्टिकचा बेडूक ठेवलेला, नशिबासाठी असणार. कोपऱ्यातलं कार्ड तिने बोट लावून मोठं केलं होतं. चक्रांवर नाचणारी सोन्याची नाणी सोडून इवलंसं कार्ड मोठं करून बघणारी बाई झोपेल, हे मला पटेना. लॉगमध्ये पटणं न पटणं असं काही नसतं, हे मी ज्युनिअर मुलांना रोज सांगतो.

मशीनचा लॉग उघडला. त्यात निकाल मिळाल्याची वेळ होती ३.४ सेकंद, म्हणजे सर्व्हरने पाठवायच्या आधी. मशीनचं घड्याळ मागे होतं. त्यामुळे त्याच्या वेळा तशाच्या तशा धरता येत नव्हत्या, आणि इथेच बहुतेक जण लॉग मिटतात. पण घड्याळ मागे असलं तरी दोन घटनांमधलं अंतर ते बरोबरच मोजतं. निकाल मिळाला ३.४ ला, बटण दाबलं ५.१ ला. अंतर १.७ सेकंद. उरला प्रश्न निकाल खरोखर कधी मिळाला याचा, आणि ते सर्व्हरकडेच होतं: मशीनची 'मिळालं' अशी पोच सर्व्हरला ६.३ ला आली होती. म्हणजे बाईंनी बटण दाबलं ते सर्व्हरच्या घड्याळात आठच्या आसपास. सहा सेकंद हातात होती.

मग निरोप होता कुठे? लॉगमध्ये दिसत होतं की पोच गेल्या गेल्या मशीनची लाईन तुटली आणि १२ ला परत जोडली गेली. तरीही मुदत संपायला दोन सेकंद बाकी होते. लाईन आल्यावर मशीनने पहिलं काय केलं? हिशेब पाठवला. किती खेळले, किती टाकले, किती जिंकले, प्रत्येक गेमचा आणि प्रत्येक दराचा वेगळा मीटर, एकेक करून, प्रत्येकाची पोच येईपर्यंत थांबत. जवळजवळ पाच सेकंद. सगळ्यात शेवटी बटण. दारात ॲम्ब्युलन्स उभी आहे आणि वॉचमन आधी सगळ्या पाहुण्यांची नावं वहीत लिहून घेतोय, असा प्रकार.

माझ्या पोटात गोळा आला तो यानंतर. लाईन तोडून जोडायची टेस्ट आमच्याकडे होती. आदल्या वर्षी पासही झाली होती. फाईल उघडली तर खाली सही माझी.

लॅबमधलं मशीन चालू केलं, मागे हात घालून निळी केबल ओढली. क्लिपचा टक्क आवाज येतो, तो आला. मनात सहा मोजले, केबल परत लावली. बटणाचा निरोप अर्ध्या सेकंदात सर्व्हरवर. पास. पुन्हा केलं, पुन्हा पास. वीसेक वेळा केलं असेल. अंगठ्याचं नख त्या क्लिपने दुखायला लागलं. शेवटी कॅसिनोच्या मशीनचं कॉन्फिगरेशन शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. आमच्या लॅबच्या मशीनवर एकच गेम चालू होता, एकाच दराने. टेस्टला सोपं पडतं म्हणून. तिकडच्या मशीनवर सगळे गेम, सगळे दर. आमच्याकडे पाठवायला हिशेब मूठभर, त्यांच्याकडे पोतंभर. मी सगळे गेम चालू केले, केबल ओढली, सहा मोजले, लावली. स्क्रीनवर चक्रं थांबली, कार्डावरची आकृती भरलेली, आणि खाली पाटी: पुन्हा खेळा.

साडेचार वाजले होते. सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे नेटवर्क गेलं म्हणून झालं. नेटवर्क त्यांचं."

"सर, नेटवर्क मुदतीच्या आत परत आलं होतं. आपण वेळ घालवला."

"मशीनवर स्टिकर आहे. बिघाड झाल्यास सगळे खेळ आणि पैसे रद्द."

"स्टिकर त्यांचं आहे, रिपोर्ट आपला आहे."

सर माणूस वाईट नाहीत. क्लायंट गेला तर चाळीस घरांचं काय, हे त्यांना रात्री आठवत असतं, मला नसतं. थोडं थांबून म्हणाले, "मत एकही लिहू नकोस. चूक कुणाची, पैसे द्यावेत का, काही नाही. ते त्यांचं गेमिंग कमिशन ठरवेल. तू फक्त वेळा लिही. सर्व्हरच्या घड्याळात, एकाखाली एक." तेव्हा मला तो पळपुटेपणा वाटला. लिहायला बसल्यावर कळलं की मी रागाने दोन पानं खरडली असती, त्यापेक्षा त्या नऊ ओळींचा वार खोल होता. दहावी ओळ मी माझ्या मनाने घातली: लाईन तोडण्याची चाचणी एकच गेम चालू ठेवून घेण्यात आली होती, चाचणी घेणारा मी. सरांनी ती काढली नाही. वाचली असेल की नाही, हे अजून विचारलेलं नाही.

सोसायटीत पोचलो तोवर हौजीचा तिसरा डाव चालू होता. आईने माझं तिकीट घेऊन ठेवलं होतं आणि माझे नंबर तीच खोडत होती. मांडवात एवढा गलका, की मागच्या रांगेतल्या एका काकूंचं "लाईन!" पुढे पोचेपर्यंत पुकारणाऱ्या काकांनी पुढचा नंबर काढला. काकू हात वर करून उठल्या. काका म्हणाले, "वहिनी, नंबर गेला." काकूंचा आवाज चढला, सेक्रेटरी मध्ये पडले, आणि पुढच्या रांगेतला सातवीतला मुलगा त्या नव्या नंबरवर मधली लाईन घेऊन कधीचा उभा होता, त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

सोमवारी सकाळी गेल्या गेल्या मी तो लॉग परत उघडला. बाईंची आकृती सत्तेचाळिसाव्या गोळ्यावर भरली होती. त्या झोपल्या असं समजून सर्व्हरने अठ्ठेचाळिसावा काढला, मग एकोणपन्नासावा. एकोणपन्नासाव्याला दुसऱ्याच कॅसिनोतल्या एका मशीनने खेळ जिंकला होता. बटण १.१ सेकंदात, मशीन लॉक, पैसे रोख.

अकरावी ओळ घालायची का, हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "तक्रार कुणी केलीय?" मी नाही घातली.

गुरुवारी, अनंत चतुर्दशीला, क्लायंटचा मेल आला. ऑफिस अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. कमिशनने बाईंना पूर्ण रक्कम द्यायला सांगितली होती, तिकीट बंद, दुरुस्ती कधी देताय ते कळवा. दुसऱ्या मशीनबद्दल त्यात काही नव्हतं. तिथे बसलेल्या माणसाने ते पैसे केव्हाच घरी नेले असणार, आणि तो गोळा खरं तर बाहेर यायचाच नव्हता हे त्याला कळायला काही मार्ग नाही.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. आता बटण आधी जातं, हिशेब नंतर. लॅबच्या मशीनवर सगळे गेम चालू असतात, त्यामुळे केबलची टेस्ट दहा मिनिटांऐवजी पाऊण तास खाते आणि ज्युनिअर मुलं माझ्या नावाने बोटं मोडतात. त्यातल्या एकीने मशीनच्या काठावर, बटणाशेजारी, एक हिरवा प्लास्टिकचा बेडूक आणून ठेवलाय. तो फोटो मी तिला कधी दाखवला होता, हे मला आठवत नाही.