एमपी-०९ ची गाडी पुण्याला निघते तेव्हा

इंदूर, जूनचा शेवटचा रविवार

पहिला पाऊस पडला की लोकमान्यनगर, सुदामानगरात बांधाबांध सुरू होते. शिक्षण संपवून मुलं-मुली नोकरीवर रुजू व्हायला निघतात. बंगळूर, हैदराबादला जाणाऱ्यांच्या घरी काळजी असते. पुण्याला जाणाऱ्यांच्या घरी मात्र ‘आपलीच माणसं, आपलीच भाषा’ असं समाधान. पण सरकारी कागद भाषा विचारत नाही. घराणं होळकरांच्या वेळेपासून मराठी असलं तरी महाराष्ट्राचा अधिवास दाखला मिळायला सर्वसाधारणपणे तिथे १५ वर्षं राहावं लागतं. तोवर इथला मूल निवासी, म्हणजे मध्य प्रदेशचा अधिवास दाखलाच कामाचा, म्हणून तो निघायच्या आधी काढून ठेवावा.

सगळ्यात जास्त अडतं ते एमपी-०९, म्हणजे इंदूरच्या नंबराच्या दुचाकीवर. रेल्वेने पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. थोडं पेट्रोल राहिलं तरी पार्सलवाले परत पाठवतात. आरसे काढून पिशवीत, हेडलाइट आणि टाकीवर पुठ्ठा, वर गोणपाट. नाव आणि उतरायचं स्टेशन दोन ठिकाणी लिहावं, एक चिठ्ठी फाटतेच. आरसीची (नोंदणी पुस्तिकेची) आणि ओळखपत्राची प्रत सोबत लागते. स्वतःच्या तिकिटावर लगेज म्हणून टाकली तर शक्यतो त्याच गाडीने जाते, पार्सल म्हणून टाकली तर जागा होईल तेव्हा. पोचल्यावर लगेच सोडवली नाही तर दंड चढत जातो. (आणि इंदूर-पुणे रेल्वे जाते रतलाम, वडोदऱ्यावरून, सगळा गुजरातचा वळसा. मनमाड-इंदूर या थेट रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटरचा. तो होईपर्यंत वळसाच.)

रेल्वेची पावती फेकू नये. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. चौकात हवालदाराने एमपी-०९ पाहून अडवलं, तर गाडी कधी आली हे त्या पावतीवरच्या तारखेने दाखवता येतं.

नव्या नंबरासाठी इंदूरच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते, फॉर्म २८. ती जाण्याआधीच घ्यावी, कारण चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो आणि गाडी पुण्यात गेल्यावर सगळं लांबतं. एखादं चलान बाकी असलं की अर्ज तिथेच अडकतो. कर्जावरची गाडी असेल तर बँकेची संमती आधी. मग पुण्यात फॉर्म २७ आणि तिथला रोड टॅक्स. इथे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नव्या नोंदणीचा पुरावा दिल्यावर. म्हणजे आधी दोन्हीकडचा भार सोसायचा. बरेच जण इथेच कंटाळतात आणि परतावा सोडून देतात. विम्यावर नवा नंबर चढवायलाही विसरतात, ते जास्त महाग पडू शकतं.

पत्त्याचा पुरावा म्हणून घराचा करार. ‘११ महिन्यांचा आहे, नोंदणी नको’ असं घरमालक सांगतात. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे: लिव्ह अँड लायसन्स (घर वापरायला देण्याचा) करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी लागतेच, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. डिपॉझिटचा आकडा करारात लिहिलेला हवा. चावी घेतानाच भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढावेत, घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला निघाले तर तेच दाखवता येतात.

पीएफचं थोडक्यात: यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच ठेवायचा, आधी कुठे नोकरी केली असेल तर त्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली का ते पाहायचं. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८.

इंदूरचं सिम मात्र बंद करू नये. टॅक्सच्या परताव्यासाठी बाबा अधिकारपत्र घेऊन इथल्या खिडकीवर उभे राहतात, आणि ओटीपी जातो पुण्यात मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाच्या फोनवर. वेळ आदल्या रात्रीच ठरवून घ्यावी.